बुधवारची भक्ती

बिबावी शिंपी चर्चमध्ये दिसायचा तो ख्रिसमसला, ईस्टरला आणि कुणी गेलं तर. तेव्हाही तो मागच्या दाराशी खांबाला टेकून उभा राहायचा. प्रवचन लांबलं की गुपचूप बाहेर सटकून एक सिगरेट होऊन जायची. घरातला धर्म बायकोच्या खात्यात, असा त्याचा सरळ कारभार होता. उपास हिलाना सांभाळायची, संतांच्या तसबिरीपुढच्या दिव्यात तेल हिलाना घालायची, अबूनांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, जेवायला हिलाना बोलवायची. तो फार तर अबूनांचे काळे झगे शिवून द्यायचा, तेही पुढच्या सणाच्या वायद्यावर.

म्हणून त्या बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि नवरा आधीच उठून शर्टाला इस्त्री करताना दिसला, तेव्हा ती दारातच थांबली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. चर्चला चाललोय, मिस्साला."

"चहा टाकते."

"नको. पाणीसुद्धा प्यायलो नाही. प्रभुभोजन घ्यायचंय."

गॅसच्या बटणावरचा तिचा हात तिथेच राहिला. लग्न झाल्यापासून ती या एका वाक्यासाठी देवाच्या मागे लागली होती. पण शिंप्याच्या घरात राहून तिला एक खोड जडली होती. कपडा आवडला की ती आधी उलटा करून आतली शिवण बघायची. आनंदाचंही ती तेच करायची. बिबावी जिना उतरून गेला आणि ती तो आनंद हातात घेऊन शिवण शोधत बसली.

शिवण तशी उघडीच होती. त्याच दिवशी दुपारच्या आत त्याला हॉस्पिटलात जायचं होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी शर्ट धुताना तिच्या लक्षात आलं होतं की कॉलरचं बटण जागेवरून हललंय. काजापासून थोडं लांब, नवा दोरा. तिने दुसरा शर्ट पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांची गळ्याची बटणं सरकवलेली, तीही इतक्या सफाईने की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. माणूस जाड झाला तर पोटाची बटणं सरकवतो. ती मशीनपाशी गेली, त्याच्या गळ्यात लोंबणारी मापाची टेप बाजूला केली आणि कॉलरमध्ये बोटं घातली. जबड्याखाली डाव्या बाजूला एक गाठ होती, ऑलिव्हएवढी, घट्ट. बिबावी म्हणाला, दाढ दुखत होती, सूज आहे. ती म्हणाली, दाढेसाठी कोणी बटणं सरकवत नाही. तो मशीनचं चाक फिरवत राहिला, आणि सुईखाली कापड नव्हतं.

डॉक्टर इनासने गाठ चाचपली, काखेत पाहिलं, पोट दाबलं. सुईने आतला कण काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, म्हणाली. साधी असेल तर गोळ्यांनी जाईल. साधी नसेल तर वेळ घालवायचा नाही, अजिबात नाही. कण तपासणारे मोठे डॉक्टर कैरोहून फक्त बुधवारी इथे मिनियाला येतात, तेव्हा बुधवारी या.

"आणि तपासलंच नाही तर?" बिबावीने विचारलं होतं.

डॉक्टरला वाटलं काका गंमत करतायत. ती हसली. हिलाना हसली नाही.

तर त्या पहिल्या बुधवारी नर्स ट्रे घेऊन आली, कापूस ओला केला, आणि बिबावीने वाहतूक पोलिसासारखा हात वर केला.

"आज नाही जमणार, डॉक्टरबाई. मी सकाळी प्रभुभोजन घेतलंय. आज माझ्या अंगात ख्रिस्ताचं रक्त आहे. आज माझं रक्त सांडता येत नाही."

नियम खरा होता. प्रभुभोजन घेतलेल्या माणसाने त्या दिवशी थुंकायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही, दात काढून घ्यायचा नाही, सुई टोचून घ्यायची नाही. भाकर आणि द्राक्षरसाच्या रूपाने जो प्रभू आत गेलाय, त्याचा कणसुद्धा बाहेर जमिनीवर पडता कामा नये. आणि त्या घरात हा नियम आणला कुणी, शिकवला कुणी, त्यासाठी पोराचे कान पिळले कुणी? हिलानाने. प्रभुभोजनाच्या दिवशी ती हातात सुरी धरत नसे. कांदा मुठीने फोडायची. नसीम लहान असताना त्याच्या तोंडातली जर्दाळूची बी ती कागदात धरायची आणि चुलीत जाळायची. आता नसीम कुवेतला होता, आणि त्याचा बाप तिचाच नियम तिच्यासमोर इस्त्री करून घालून बसला होता.

डॉक्टर इनास मुसलमान. मिनियातच वाढलेली बाई. शेजाऱ्याच्या धर्मात बोट घालायचं नाही, हे तिला शाळेच्याही आधी कळलेलं. तिने हिलानाकडे पाहिलं. हिलानाने जमिनीकडे पाहिलं. मग डॉक्टर म्हणाली, देवाचं काम आहे, मी मध्ये येणार नाही, पण काका, पुढच्या बुधवारी नक्की. ट्रे परत गेला.

पुढच्या बुधवारीही तेच झालं. तोच शर्ट, तोच वर केलेला हात. डॉक्टर इनास या वेळी थोडी कमी हसली.

बिबावीची मोठी बहीण जलीला मात्र हवेत होती. ती गल्लीभर सांगत सुटली की भावाला हाक आली. तिला स्वप्न पडलं होतं, त्यात तसबिरीतले संत तादरस घोड्यावरून उतरले आणि थेट बिबावीच्या शिलाई मशीनवर जाऊन बसले. हिलानाने विचारलं, मशीनवर का बसले, खुर्ची होती की. जलीला म्हणाली, "तुझं हे असंच. देव दारात आला तरी तू आधी त्याची चप्पल बघशील." हिलाना मनात म्हणाली, बघीनच. चप्पल बघितल्याशिवाय कोण आलंय ते कळतं कसं?

कारण एक गोष्ट तिला टोचत होती. मिस्सा रविवारी होते, शुक्रवारी होते, बुधवारी होते. रविवारी बिबावी उशिरापर्यंत झोपला. शुक्रवारी त्याने दुकान उघडलं. मग त्याच्या देवाला नेमका बुधवारच का आवडतो? ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. तो प्रार्थना करताना दिसतो का, ते तिने दाराच्या फटीतून पाहिलं. तो दिसला लिंबू-मीठ लावून काकडी खाताना. तसबिरीसमोरून जाताना तो हात जोडतो का? जोडायचा, पण ती बघत असली तर. एकदा ती मुद्दाम पाठ करून उभी राहिली आणि काचेच्या कपाटात त्याचं प्रतिबिंब पाहिलं. तो संत तादरसांकडे बघत होता खरा, पण ज्याचे कपडे वायद्याला शिवून झाले नाहीत अशा गिऱ्हाइकाकडे बघतात, तसं चोरून.

शेवटी तिने विषय काढला. घेवड्याच्या उसळीच्या वाटीत तेल ओतता ओतता, सहज काढल्यासारखा. म्हणाली, या बुधवारी आधी हॉस्पिटल उरकू, प्रभुभोजन रविवारी घ्या, प्रभू कुठे जातोय?

बिबावीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तू मला प्रभूपासून अडवतेस?" तो म्हणाला. "तू, हिलाना?"

एवढंच. पण नेम अचूक होता. ती त्या रात्री तेल घालायला विसरली आणि तसबिरीपुढचा दिवा विझला.

त्यानंतर तिच्या मनात एक विचार शिरला, आणि तो उंदरासारखा निघाला. एकदा दिसला की मग सगळीकडे त्याचीच खुडबुड. समजा, याची भक्ती खरीच असेल. समजा, प्रभू खरोखर याच्या अंगात जातोय. मग गाठ का वाढतेय? एवढ्या मोठ्या पाहुण्याला एका ऑलिव्हएवढ्या गाठीचं काही करता येऊ नये? ती स्वतःच्याच विचाराला घाबरली आणि जीभ चावली. मग दुसऱ्या बाजूचा विचार आला. कदाचित आतून बरं होत असेल, वेळ लागत असेल, आणि आडवी येत असेल ती आपलीच शंका. अशा गोष्टी कशाने मोजतात?

बिबावी दुपारचा आडवा झाला होता. टेप नेहमीप्रमाणे गळ्यातच. तिने हळूच ती त्याच्या गळ्याभोवती लपेटली, जिथे टोक आलं तिथे त्याच्याच खडूने बारीक खूण केली. थोड्या दिवसांनी पुन्हा लपेटली. टोक खुणेपर्यंत पोचलं नाही.

आता हे प्रकरण तिला देवावर सोडवेना, आणि देवाशिवाय कुणाला सांगवेना. अबूनांकडे जावं, तर काय म्हणून? आजवर बायका तक्रार घेऊन जात आल्या त्या नवरा चर्चला येत नाही म्हणून. माझा नवरा फार येतो, त्याला आवरा, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिसरा बुधवार नैरोझला आला, सप्टेंबरात येणाऱ्या त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी. चर्चच्या अंगणात पेरूंचा आणि लाल खजुरांचा वास सुटला होता. नैरोझला खजूर वाटतात. वरची लाल साल म्हणजे हुतात्म्यांचं रक्त, आतला पांढरा गर म्हणजे त्यांचं मन, आणि मधली टणक बी म्हणजे न हलणारी श्रद्धा, हे दर वर्षी पोरांना शिकवलं जातं आणि दर वर्षी पोरं त्या श्रद्धेने एकमेकांना नेम मारतात. हिलाना घरून मोठं भांडंभर खजूर धुऊन घेऊन गेली. तिने ठरवलं होतं, आज नवऱ्यावरची नजर काढायची नाही.

पण नजर पोचणार कशी? बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, मध्ये जाड खांब. शिवाय प्रभुभोजनाला पुरुष पायताण काढून पडद्याआड वेदीपाशी जातात; बाहेरच्याला दिसतं ते फक्त आत जाणं आणि तोंडावर पांढरा रुमाल दाबून बाहेर येणं. बिबावी आत गेला. बिबावी रुमाल दाबून बाहेर आला. चेहरा खाली, अगदी जसा असायला हवा तसा. हिलानाला स्वतःचीच लाज वाटली. तिने तिचं प्रभुभोजन घेतलं आणि क्षमा मागितली.

मिस्सा सुटली. ती पायरीवर भांडं घेऊन खजूर वाटायला बसली. गर्दी जरा पांगली, तेव्हा अंगणाच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली बिबावी दिसला. मोची सामीशी बोलत उभा. सामीने पुढे केलेल्या मुठीतून त्याने एक खजूर उचलला, दातांनी फोडला, चघळला, बोलता बोलता मान वळवली आणि बी थुंकली. फुर्रकन. मातीत पडलेली बी चपलेने दूर सारली, आणि दुसरा खजूर घेतला.

हिलानाच्या मांडीवरचं भांडं कलंडलं. कुणी तरी म्हणालं, नसीमच्या आई, खजूर सांडले. तिला ऐकू आलं नाही.

आतापर्यंत तिला त्याच्या गळ्याची काळजी होती. आता त्याहून मोठी काळजी समोर आली. जो माणूस वेदीवरून येऊन अंगणात थुंकू शकतो, तो काहीच मानत नाही. म्हणजे गेले तीन बुधवार तो प्रभूला औषधाच्या पुडीसारखा वापरतोय, सुई चुकवायला. आणि कपटाने घेतलेला तो घास माणसाला तारत नाही, उलट बुडवतो, हे तर अबूना दर उपासात बजावतात. सुईने मेला नसता, तो या घासाने मरेल. इकडेही आणि तिकडेही.

ती उठली आणि भांडं तिथेच टाकून वेदीमागच्या खोलीत गेली.

अबूना मत्ताउस खुर्चीवर बसून मिस्सा झाल्यावर वाटतात त्या कुर्बानच्या गोल भाकरीचा तुकडा चहात बुडवत होते. वय झालेलं, एका कानाने कमी ऐकू यायचं. तो कान ते पापांच्या लांबलचक कबुल्यांसाठी राखून ठेवतात, असं गावात म्हणत. हिलाना दारातच म्हणाली की अबूना, माझ्या नवऱ्याला प्रभुभोजन देऊ नका.

"कुणाला?"

"बिबावीला. देणं बंद करा. त्याचा विश्वास नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय, तो आत्ता बाहेर थुंकला. तो सुई चुकवायला घेतोय, अबूना. प्रत्येक बुधवारी. त्याच्या जिवाचं राहू दे, त्याच्या आत्म्याचं काय होणार?"

अबूनांनी भाकर चहातून बाहेर काढली. ती भिजून निम्मी पडली होती.

"लेकी," ते म्हणाले, "मी त्याला दिलंय कधी?"

हिलाना दारातून दोन पावलं आत आली.

मग अबूनांनी सांगितलं. बिबावी रांगेत येतो, हे खरं. पायताण काढतो, रुमाल धरतो. पण पाळी आली की तोंड उघडत नाही. रुमालाआड ओठ घट्ट मिटून मान खाली घालतो. अबूना त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि तो सगळ्यांसारखा रुमाल दाबून बाहेर जातो. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, कबुली राहिली असेल, ऐन वेळी संकोच झाला असेल. दुसऱ्या वेळी त्यांनी हळूच विचारलं. तो म्हणाला, अबूना, मी आज खोट्या कामाला आलोय, मला देऊ नका, फक्त हात ठेवा. आणि हिलानाला सांगू नका.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं. आत्ता तू सांगितलंस तेव्हा कळलं." त्यांनी चहा बाजूला ठेवला. "हे त्याने कबुलीत सांगितलेलं नाही, रांगेत सांगितलंय. रांगेतली गोष्ट मी बायकोला सांगू शकतो."

हिलाना भिंतीला टेकली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच ठरवता येईना. थोड्या वेळाने तिने विचारलं की समजा त्याने खरंच घेतलं असतं, तर सुई टोचता आली असती का?

अबूना म्हणाले की नियम आदरासाठी आहे, माणूस मारण्यासाठी नाही. आजाऱ्याला टोचावं लागलं तर टोचावं. रक्ताचा कापूस जपून घरी आणावा आणि जाळावा, संपलं. "पहिल्याच बुधवारी विचारलं असतंस तर पहिल्याच बुधवारी सांगितलं असतं. तू तर इथला उंबरठा झिजवणारी बाई. विचारलं का नाहीस?"

हा प्रश्न घेऊन ती बाहेर आली. इतके दिवस ती नवऱ्याची शिवण उलटून पाहत होती. आता स्वतःचीच उलटली गेली. पहिल्या बुधवारी ट्रे परत गेला, तेव्हा जमिनीकडे बघताना तिच्या छातीतून एक श्वास सुटला होता. तिला तो आठवला. तो रागाचा नव्हता. सुटकेचा होता. एक आठवडा तरी कळणार नाही, याचा.

खजूर कुणीतरी गोळा करून ठेवले होते. तिने भांडं उचललं आणि घरी आली.

बिबावी खाली दुकानात मशीनवर बसला होता. एक पांढरा झगा शिवत होता, चांगल्या वेगाने. ती आत आल्यावर त्याने मान वर न करता सांगून टाकलं की आज काही हॉस्पिटलला जाता येणार नाही, आज त्याने—

"खजूर खा," हिलाना म्हणाली आणि भांडं मशीनवर ठेवलं.

"नंतर."

"आत्ता खा. आणि बी कुठे टाकणार ते मला दाखवा."

मशीन थांबलं. बिबावीने खजुरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शिंपी माणूस; कापड कुठून फाटलंय ते त्याला लगेच कळलं.

"अबूनांनी सांगितलं?"

"तुम्ही सांगितलंत. लिंबाच्या झाडाखाली. फुर्रकन."

तो बराच वेळ गळ्यातली टेप गुंडाळत आणि सोडत राहिला. टेपवरची खडूची खूण त्याच्या बोटाखाली आली. त्याने ती पाहिली, ओळखली, आणि अंगठ्याने पुसली नाही.

"आयुष्यभर हातात सुई धरली," हिलाना म्हणाली. "सुईला घाबरता?"

"सुईला कोण घाबरतं? सुईनंतर कागद येतो." त्याने पुढ्यातलं कापड उचललं. "हे बघ. कात्री लावत नाही तोवर यातून काहीही होतं. झगा होतो, सदरा होतो, पोराचं अंगडं होतं. एकदा कापलं की जे झालं ते झालं. मला अजून थोडे दिवस न कापलेलं राहायचं होतं."

"म्हणून माझ्याशी खोटं बोललात. तीन बुधवार. आणि प्रभूशी नाही बोललात."

"त्याच्याशी नाही जमलं."

"म्हणजे मी त्याच्यापेक्षा स्वस्त."

"तू चिडलीस तर मुलुखियाच्या भाजीत मीठ जास्त पडतं," बिबावी म्हणाला. "तो चिडला तर मी जाऊ कुठे?"

तिला हसू आलं, आणि आलेलं हसू तिने त्याला दिसू दिलं नाही. तिला अजून एक विचारायचं होतं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल याचा भरवसा नव्हता. तिने मशीनच्या कडेवर हात ठेवला.

"खरं सांगा. तुम्ही मानता की नाही?"

बिबावीने खांदे उडवले. तो दाराकडे बघत होता, बाहेरून एक गाढवगाडी पेरू घेऊन चालली होती.

"मानत नसतो," तो म्हणाला, "तर तोंड उघडलं असतं."

हिलानाने ते वाक्य उलटून पाहिलं. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. शिवण सापडली नाही.

"उठा," ती म्हणाली. "मोठे डॉक्टर दुपारनंतर निघून जातात."

तो लगेच उठला नाही. आधी झग्याची उरलेली शिवण पुरी केली, दोरा तोडला, मशीनवर कापड टाकलं, टेप गळ्यातून काढून खुंटीला लावली. दुकानातून निघताना टेप काढलेला बिबावी तिने याआधी कधी पाहिला नव्हता. उघड्या गळ्याचा तो जरा लहान दिसत होता.

हॉस्पिटलात डॉक्टर इनासने त्यांना दारात पाहिलं आणि तिचा चेहरा आधीच सावध झाला. काका, आज पण तुमचं ते, असं म्हणून ती थांबली. बिबावीने हिलानाकडे पाहिलं. त्याच्या नजरेत शेवटची एक आशा होती, शाळेच्या दिवशी सकाळी लहान पोराच्या नजरेत असते तशी. पोट दुखतंय म्हणायला अजून वेळ आहे का, अशी.

"आज काही नाही," हिलाना म्हणाली. "आज त्यांनी फक्त खजूर खाल्लेत."

त्याने शर्टाचं बटण स्वतः सोडलं. सरकवलेलं बटण, नवा दोरा. सुई आत गेली तेव्हा त्याने हिलानाचं मनगट पकडलं, जिथे तिला लहानपणी गोंदलेला क्रूस होता, आणि इतकं घट्ट पकडलं की निळ्या रेघेभोवतीची कातडी पांढरी पडली. तो ओरडला नाही. तो काहीतरी पुटपुटत होता. तिने कान दिला. तिला वाटलं प्रार्थना असेल. "टाका मोठा घालतायत," तो म्हणत होता, "टाका फार मोठा घालतायत."

सुई निघाली. डॉक्टरने कापूस दाबला, थोड्या वेळाने काढला. मध्ये एक छोटा लाल ठिपका. ती तो डब्यात टाकणार तेवढ्यात हिलानाचा हात आपोआप पुढे आला. तिचं तिलाच कळेना, का. आज त्या रक्तात बिबावीशिवाय कुणी नव्हतं. डॉक्टर इनास क्षणभर थांबली आणि काही न विचारता तिने कापूस तिच्या हातावर ठेवला. हिलानाने तो रुमालात बांधला.

निकाल पुढच्या बुधवारी.

फाटकाबाहेर दोघं गाडीची वाट बघत बाकावर बसली. गळ्यावर पट्टी, बटण उघडं.

"पुढच्या बुधवारी मिस्सा आहे," बिबावी म्हणाला.

हिलानाने हळूच मान वळवली. तिची ती नजर त्याला ओळखीची होती. त्याने हात वर केला, पण वाहतूक पोलिसासारखा नाही.

"आधी अबूनांकडे कबुली देतो. ते कुठल्या कानाने ऐकतात ते बघून. मग खरं घेतो."

"आणि निकाल?"

"निकाल ऐकायला रक्त काढत नाहीत."

"मी खांबाच्या अलीकडे उभी राहीन," ती म्हणाली.

"पडदा असतो."

"पडद्याला फट असते."

तिने पिशवीतून खजूर काढले, एक त्याला दिला, एक स्वतः घेतला, पण खाल्ला नाही. तिचं आज प्रभुभोजन झालेलं, बी थुंकायची बंदी होती. बिबावी सावकाश चघळत राहिला. गर संपला. बी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. समोर रस्ता होता, धूळ होती, कुठेही टाकता आली असती. तो टाकेना. गाल फुगवून तिच्याकडे बघत बसला.

"टाका," हिलाना म्हणाली आणि तळहात पुढे केला.

त्याने बी तिच्या हातावर ठेवली. ओली, गरम. तिने एकदा त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, दुसरी लपवली तर नाही ना, आणि मग रुमालाची गाठ सोडून ती कापसाशेजारी ठेवली.